कंदिलापासून सुरुवात

आमच्या कुंभार पिंपळगावात तुम्हाला विळा घ्यायचा असेल तर अंबादास अण्णांच्या दुकानात जा आणि हळदीशेजारी बघा. हळद कुठं आहे म्हणाल, तर ती विळ्याशेजारी. यापेक्षा जास्त पत्ता या गावात कुणाला देता येत नाही. नवा माणूस असेल तर तो दोन्ही न घेताच घरी जातो.

"विळा नेणारा चौथ्या दिवशी हळदीला येतोच," अण्णा म्हणतात. "बोट कापलेल्या माणसाला दुकानभर हिंडवायचं का मंग? हिकडं हळद, तिकडं सुती चिंधी, मधात विळा. बराबर हाय का न्हाई?"

हे 'बराबर हाय का न्हाई' म्हणजे प्रश्न आहे असं समजून मी सुरुवातीला उत्तर द्यायचो. पुढं सोडून दिलं. आपण तोंड उघडेपर्यंत अण्णा पुढच्या गिऱ्हाइकाला लागलेले असतात.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान अण्णांच्या भिंतीला भिंत लावून आहे. बारा वर्षं झाली. मी स्वभावानं टापटिपीचा. माझ्याकडं स्टेपलरच्या पिनांच्या डबीवरसुद्धा लेबल आहे, आणि त्यावर 'पिना' असं लिहिलंय. असल्या माणसाच्या नशिबी देवानं शेजार द्यावा तर कुणाचा, तर ज्याच्या दुकानात कुलपं बिस्किटांच्या बरणीशी बांधून ठेवलेली असतात त्याचा!

"कुलूप अन् बिस्किट? काही ताळमेळ आहे का अण्णा?"

"कुलूप कोण नेतो? गावाला चालला तो. येष्टीत पोरगं रडतं का न्हाई? मंग बिस्किट लागतं का न्हाई?"

दहावीच्या पोरांचे पेन मच्छर अगरबत्तीच्या खोक्यात, कारण अभ्यासाला जागलं की डास चावतात. पतंगाच्या मांजाला चिकटून बोटाला लावायच्या पट्ट्या. नारळ मोटरसायकलच्या आरशांशेजारी, कारण नवी गाडी आली की आधी नारळ फुटतो आणि मग आरसा. मी हे सगळं रोज बघायचो आणि मला रोज ॲसिडिटी व्हायची.

एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, साऱ्या जगात एका प्रकारचा माल एका फळीवर ठेवतात. कात्री, सुरी, विळा, कोयता एका जागी. तुम्हीच काय जगावेगळे?"

अण्णांनी तराजू खाली ठेवला. "ते भावकी झाली."

"काय झाली?"

"भावकी. कात्री, सुरी, विळा, कोयता एका आडनावाचे. एका फळीवर ठिवले तं काय करतील? एकामेकाला धार दाखवतील. तुमच्या अडीनडीला भावकी आल्ती का कधी? सोयरे येतात. सोयरे वायल्या गावचे, वायल्या आडनावाचे, पर कामाला तेच. म्या समदा माल सोयरीक बघून ठिवलाय."

मला मान डोलवावीच लागली, कारण त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावानं बांधावरून मला तहसीलला खेचलं होतं आणि माझ्या बाजूनं माझा मेहुणा उभा होता.

"अन् डोकं बी तसंच असतं," अण्णांनी कपाळावर बोट ठेवलं. "लोकायला वाटतं डोकं म्हंजे गोदाम. नंबर पाह्यला, माल काढला. बिलकुल न्हाई. डोकं म्हंजे गाव हाय, गाव! गावात घर कसं सापडतं? मारुतीच्या मागं, लिंबाच्या बाजूला, तिथं म्हतारं बसलेलं असंल त्याला इचारा. एका दारावरून दुसरं दार. बराबर हाय का न्हाई, पिंजरेवाले?"

पिंजरेवाले म्हणजे मी. माझं नाव दिगंबर आहे आणि दुकानाच्या पाटीवर ते दीड फुटी अक्षरात लिहिलंय. पण मी दुकान टाकलं त्या आठवड्यात उंदरांनी माझे कोऱ्या कागदाचे दोन रीम कुरतडले आणि मी अण्णांकडून पिंजरा नेला. तेव्हापासून मी अण्णांच्या डोक्यात पिंजऱ्याशेजारी राहतो. त्यांच्या मोबाइलमध्येही मी 'पिंजरा' आहे. नळदुरुस्तीवाला 'पाहुणे आल्ते तव्हा', आणि अण्णा पायरीवरून घसरले तेव्हा आलेले गावातले डॉक्टर 'पायरी'. केदारखेड्याचे एक सोयरे आहेत, त्यांचं नाव 'म्हैस मांडवात'. लग्नात त्यांची म्हैस सुटून मांडवात शिरली होती, त्यावरून. त्या भल्या माणसानं एकदा अण्णांच्या हातातला मोबाइल स्वतः पाहिला आणि सहा महिने बोलला नाही.

आता एवढं हसून झाल्यावर खरं तेही सांगायला पाहिजे. काय आणायला आलो हेच विसरलेल्या माणसाला आमच्या गावात एकच ठिकाण आहे, ते म्हणजे अण्णांचं दुकान. वेल्डिंगवाले रफिकभाई एकदा डोकं खाजवत पायरीवर उभे राहिले. "अण्णा, बीवी ने कुछ लाने को बोली. रस्ते में भूल गया. खाली हात गया तो मेरी खैर नहीं."

अण्णांनी विचारलं, "घरी कोण आलंय?"

"साली आयी है."

"पोरं किती?"

"तीन."

"शाळेला सुट्ट्या लागल्या?"

"कल ही लगी."

अण्णांनी एक बल्ब काढून पुढं ठेवला. रफिकभाई चाटच पडले. "बराबर! ये ही बोली थी! आप को कैसा मालूम?"

"तीन पोरं, सुट्टी, आंगणात क्रिकेट. दुसरं काय फुटणार?"

पण स्वतः अण्णांना एखादी वस्तू सापडेनाशी झाली की वेगळाच सोहळा असायचा. "थांबा, येऊन राह्यलंय," असं म्हणून ते गादीवरून उठायचे आणि सरळ दाराशी जायचे. तिथं चौकटीला एक जुना कंदील टांगलेला आहे. त्या कंदिलाला हात लावून तिथून सुरुवात. कंदील. मग काच. मग वात. मग तेल, तेलावरून फणी, फणीवरून आरसा, आरशावरून नारळ, असं पुटपुटत, एकेका फळीला हात लावत सगळं दुकान फिरायचं. ज्याला सात आठे किती ते पहिल्यापासून पाढा म्हटल्याशिवाय येत नाही, तसला प्रकार. गिऱ्हाइकाला हवी असायची परकराची नाडी, आणि नाडी सगळ्यांत शेवटी. तोवर बाईची दुसऱ्या दुकानातून नाडी घेऊन, घरी जाऊन, परकरात ओवूनही झालेली असायची.

तो कंदील विकायचा नाही. कुणी मागितला तर अण्णा म्हणायचे, "तो गिऱ्हाइकाचा न्हाई." मग कुणाचा, हे विचारायचं मला बारा वर्षांत सुचलं नाही.

अण्णांच्या घरात मोठ्यानं बोलायचं काम कौसाकाकूंकडं होतं. दुकानाच्या मागंच घर. काकूंनी आतून हाक मारली की माझ्या दुकानात झेरॉक्स काढणारा माणूससुद्धा 'आलो' म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी ऐन ज्वारीच्या काढणीत काकूंना लकवा मारला. जीव वाचला, उजवा हात थोडा अधू राहिला, पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, समज सगळी होती, फक्त पाहिजे तो शब्द तोंडात येईना. पाणी म्हणायचं असलं की ओठ हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि निघायचा भलताच शब्द. नाहीतर काहीच नाही.

लोक हळहळले आणि मग सवयीनं विसरले. काकूंशी बोलताना माणसं बहिऱ्याशी बोलल्यासारखी ओरडायची. पण अण्णांना काही दिवसांतच एक गोष्ट उमगली. काकू आतून ओरडल्या, "साबण!" अण्णांनी साबण नेला, काकूंनी तो भिरकावला. अण्णा दुकानात आले, साबणाच्या फळीपुढं उभे राहिले, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. उजवीकडं टॉवेल होते. टॉवेल नेला. काकूंनी घेतला आणि अण्णांकडं असं बघितलं की बस.

त्या दिवशी अण्णा धावत माझ्याकडं आले. धोतराचा सोगा हातात. "पिंजरेवाले, शब्द गेले न्हाईत तिचे! सोयऱ्याच्या घरी जाऊन राह्यलेत! घर चुकली न्हाई ती, शेजारच्या दारात उभी हाय!"

तेव्हापासून ते खुळं दुकान काकूंच्या कामाला आलं. काकू काहीही म्हणोत, अण्णा त्या वस्तूपाशी जायचे आणि तिचे शेजारी बघायचे. 'कुलूप' म्हणाल्या की बिस्किट. 'फणी' म्हणाल्या की तेल. सकाळी काकू स्वतः दुकानात यायच्या, डाव्या हातानं एकेका वस्तूला हात लावायच्या, आणि एखाद्या दिवशी हाताखालच्या वस्तूचा बरोबर शब्द निघायचा. विळ्याला हात लावून त्या एकदा चक्क "विळा" म्हणाल्या तेव्हा अण्णांनी समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पावशेर गूळ फुकट दिला. ते गिऱ्हाईक मीच होतो, म्हणून सांगतोय.

काकूंना बोलायला शिकवायला म्हणून अण्णा जालन्याला एका दवाखान्यात न्यायचे. एकदा मीही सोबत गेलो. तिथं एक तरुण मॅडम होत्या, फार गोड स्वभावाच्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या. गाय दाखवली. काकू म्हणाल्या, "दूध." मॅडमनी वहीत फुली मारली.

अण्णा खुर्चीतून उठले. "म्याडम, फुली कामून? गाईच्या किती जवळ गेलती ती! आर्धा मार्क तं द्या."

मॅडम हसल्या आणि त्यांनी खरंच अर्धा मार्क दिला. मग अण्णांकडं बोट करून विचारलं, "आजी, हे कोण आहेत? यांचं नाव सांगा बरं."

काकूंनी मान खाली घातली. मॅडमनी पुन्हा विचारलं. काकू फरशीकडं बघत राहिल्या. मॅडमनी शून्य मांडलं.

"न्हाई न्हाई न्हाई!" अण्णा इतक्या जोरात म्हणाले की बाहेरून वॉर्डबॉय डोकावला. "ह्यो सवाल रद्द करा. अवं, चाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलं न्हाई. आमच्यात घेत न्हाईत. आजारानं न्हाई, रिवाजानं गप हाय ती!"

मॅडम म्हणाल्या, "पण आजोबा, मग त्यांना आठवतंय की नाही हे मला कसं कळणार?"

अण्णांनी मागं हात करून खुर्ची चाचपली. खाली बसले. पुढं तासभर त्यांनी एकदाही 'बराबर हाय का न्हाई' म्हटलं नाही.

परतीच्या एसटीत काकू खिडकीला डोकं टेकून झोपल्या. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "पिंजरेवाले, ती पोरगी बराबर बोलली. मला तरी कसं कळावं?"

"काय अण्णा?"

"माझं नाव हाय का गेलं ते. आसलं तरी ती घेणार न्हाई, अन् नसलं तरी घेणार न्हाई. दोन्हीकडून गपच. म्या तिचा टॉवेल सापडवतो, बिस्किट सापडवतो. पर मी सोता तिच्यात कोन्या फळीवर हाय का न्हाई, तेवढं सापडंना."

मी म्हटलं, "असं कसं विसरतील अण्णा?" पण माझाच आवाज मला खोटा वाटला. त्यांना दाखवता येईल असं माझ्याकडं काही नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

मग ते आपणहून सांगत राहिले. लग्न गोरज मुहूर्ताचं. अक्षता पडल्या आणि गावातली लाईट गेली. पेट्रोमॅक्स भडकला आणि विझला. शेवटी कुणीतरी घरातला कंदील आणून मांडवात टांगला. बायकांनी नवरीला दारात अडवलं, नाव घे म्हणाल्या, आणि सतरा वर्षांच्या कौसाबाईंनी समोर जो दिसला त्या कंदिलावरच उखाणा रचून नाव घेतलं. "एकडाव घेतलं. पुन्हा कधी न्हाई. म्या तो कंदील मागून आणला सासऱ्याकडून."

म्हणजे दारातला कंदील हा होता. मी ऐकलं, मान हलवली, आणि अंबडला एसटी थांबल्यावर वडापाव घेतला. इतकं सांगून ठेवलेलं मी पुढं कसं विसरलो, याची मला आजही लाज वाटते.

अण्णांचा मुलगा गणेश जालन्याला राहतो, एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीचं गोदाम सांभाळतो. पोरगा गुणाचा आहे. पण दर रविवारी मोटरसायकलवरून यायचा आणि दुकान बघून वैतागायचा. "बापू, आमच्याकडं एक पिशवी पाहिजे तर रॅक बारा, खण चार. डोळे झाकून सापडते. तुमचं दुकान तुमच्याशिवाय कुणालाच चालवता येत नाही. उद्या तुम्ही पडलात तर?"

"न्हाई पडत."

"माणूस ठेवता येईल असं नीट लावा. नाहीतर कुलूप घाला आणि दोघं जालन्याला चला."

"दुकान हालवायचं न्हाई," अण्णा म्हणायचे. बाकी कारण काही नाही. "आईच्या शब्दांसाठी" असं एकदा जरी मुलापाशी बोलले असते तर पुढचं टळलं असतं. पण बापानं पोरापाशी असलं बोलायची आमच्याकडं पद्धत नाही.

तेवढ्यात अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला दोघंही गणेशकडं जालन्याला गेली. आणि शनिवारी गणेश एकटाच माझ्या दारात. "दिगंबरकाका, दोन दिवस आहेत. तुम्ही मदत केली तर दुकान मार्गाला लागेल. नीट लागलेलं बघितलं की बापूंनाही पटेल. मग बंद करायचा विषयच नाही."

मला काय वाटलं म्हणता? मला आनंद झाला! बारा वर्षांची ॲसिडिटी! मी माझं लेबल छापायचं मशीन घेऊनच गेलो. दोन दिवस आम्ही घाम गाळला. विळे, सुऱ्या, कात्र्या, कोयते एका फळीवर: 'धारदार वस्तू'. चाळीस प्रकारचे साबण एका रांगेत. तेलं तेलांत, कुलपं कुलपांत, कापड कापडात. कंदील बघून गणेश म्हणाला, "हा कोण घेतं आता?" आणि मी, मी स्वतः, शिडीवर चढून तो माळ्यावर ठेवला. त्याला काचेवर लेबलही लावलं: 'जुना माल'.

रविवारी संध्याकाळी दुकान असं चकाचक दिसत होतं की मी त्याचे फोटो काढले.

सोमवारी सकाळी गणेशनं दोघांना जीपमधून आणलं. अण्णांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी बजावलेलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. अण्णा पायरी चढले आणि एका डोळ्यानं दुकान बघत उभे राहिले. मी छाती काढून शेजारी. ते फक्त म्हणाले, "बरं." त्यांना गादीवर बसवलं, काकू त्यांच्याजवळ खुर्चीत बसल्या.

पाच मिनिटांत अण्णांच्या पट्टीखालून गालावर पाण्याचा ओघळ आला. प्रवासात होतं तसं. काकूंनी तो बघितला आणि ताडकन म्हणाल्या, "विळा!"

अण्णा सवयीनं उठले, विळा जिथं असायचा तिकडं गेले. तिथं तेलाचे डबे. मी घाईनं दाखवलं, "अण्णा, इकडं. धारदार वस्तू." ते फळीपुढं उभे राहिले. विळ्याच्या डावीकडं कोयता, उजवीकडं सुरी, त्यापुढं कात्री.

"विळा!" काकू ओरडल्या. अण्णांनी कोयता दाखवला. काकूंनी मान हलवली. सुरी दाखवली, कात्री दाखवली. काकू खुर्चीतून उठल्या, डाव्या हातानं फळ्या चाचपायला लागल्या. साबणाशेजारी साबण. साबणाशेजारी साबण. त्यांनी दोनतीनदा तोंड उघडलं, काहीच निघालं नाही, आणि त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. पुन्हा मारला. मग रडायला लागल्या, लहान पोरासारख्या.

"चिंधी," अण्णा हळूच म्हणाले. "विळ्याच्या आंगाला चिंधी असायची. डोळ्याखाली पुसायला चिंधी मागून राह्यली ती."

गणेशनं आईकडं बघितलं, मग फळीकडं, मग माझ्याकडं. मी आमची लेबलं बघत होतो. इतकं शरमल्यासारखं मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

"अण्णा, मला चार जोडे मारा," मी म्हटलं. "पण आधी सांगा, कसं होतं ते. आत्ताच्या आत्ता पुन्हा लावतो."

"तुमची चूक न्हाई पिंजरेवाले. तुमाला भावकीच दिसती." असं म्हणून ते गादीवर बसले. "पहिल्यापासून लावा. कंदील कुठाय?"

गणेश माळ्यावर चढला. कंदील उतरवला. मी काचेवरचं 'जुना माल' नखानं खरवडून काढलं, कंदील चौकटीला टांगला. काकू पुन्हा खुर्चीत बसून डोळे पुसत बघत होत्या.

"कंदील," अण्णा म्हणाले. मी मान हलवली. "काच." मी काचा आणून ठेवल्या. "वात." वातींचा पुडा ठेवला. "वात... वात..." अण्णा थांबले. "थांबा, येऊन राह्यलंय."

पण आलं नाही. इतकी वर्षं म्हटलेली माळ, आणि अण्णांना पुढचा मणी सापडेना. एक डोळा झाकलेला, दुसरा घाबरलेला. मी सांगणारच होतो, अण्णा, तेल. तेवढ्यात काकू खुर्चीतून म्हणाल्या, "हात."

गणेश म्हणाला, "आई, हात कुठला? दुकानात हात कुठून आणू?"

काकू उठल्या. कंदिलाजवळ गेल्या, त्याच्या काचेवर डावा तळवा ठेवला आणि सुरात, दारात अडवलेल्या नवरीच्या सुरात, म्हणायला लागल्या:

"कंदिलाला काच, काचेच्या आत वात..."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून इतके शब्द एका ओळीत आम्ही कुणी ऐकले नव्हते. आणि इथं त्या थांबल्या. पुढं नाव होतं.

अण्णा हललेसुद्धा नाहीत. मला एसटीतलं सगळं एकदम आठवलं. गेलं असेल तर? आत्ता, इथं, सगळ्यांसमोर कळणार होतं. गणेशला काही ठाऊक नव्हतं. तो आपला म्हणाला, "आई, पुढं? कुणाच्या?"

काकूंनी गणेशकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग डाव्या हातानं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, अण्णांकडं पाठ केली आणि रागावून म्हणाल्या, "समदे हायेत की हितं!"

आणि मधे बरोबर एक नाव बसेल एवढी जागा रिकामी सोडून त्यांनी उखाणा पुरा केला:

"...च्या हाती दिला हात."

गणेश हसायला लागला. मी हसू की रडू मला कळेना. अण्णांनी माझा दंड धरला, घट्ट. "हाय," ते म्हणाले. "पाह्यलं का? हाय तिच्यात. घेत न्हाई, पर हाय. इसरली आसती तं लाजली कशाला आसती? बराबर हाय का न्हाई?"

या खेपेला तो खरोखरचा प्रश्न होता. मी म्हटलं, "बराबर हाय अण्णा."

त्यांच्या पट्टीखालून पुन्हा ओघळ लागला, आता चांगलाच. मी म्हटलं, "अण्णा, अहो डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही सांगितलंय!"

"भायेरून लागू द्यायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "आतून आल्यावर मी काय करू?"

काकू पुन्हा म्हणाल्या, "विळा!" मी कापडाच्या फळीवरून सुती चिंधी ओढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी अण्णांचा गाल पुसला. गणेश डोळ्यात घालायच्या ड्रॉपची बाटली शोधत सगळं दुकान उचकत होता, औषधाच्या फळीवर, बाटल्यांच्या फळीवर. अण्णांच्या डोळ्याचं औषध कुणाच्या शेजारी असणार, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी सरळ काकूंच्या खुर्चीपाशी गेलो. खुर्चीच्या हाताला त्यांची पिशवी अडकवलेली होती. बाटली तिच्यातच होती.